झेरॉक्सवाल्याची वही

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दुकानात शिरायचं तर ओली छत्री बाहेर टेकवून, खांदा पुढे घालूनच यावं लागतं. गोव्यातल्या फोंड्यात बसस्टँडपासून चालत चार मिनिटांवर दुकान. वह्या, पेनं, झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, स्पायरल. सत्तावीस वर्षं झाली. २०२५ साली सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलातच सुरू झाले आणि आमच्या सीझनचे दोन तुकडे पडले, पण चिमुरड्यांच्या आया अजून जूनमध्येच येतात. हातात शाळेने दिलेली यादी: दुरेघी इतक्या, चौरेघी इतक्या, चौकटीची एक, चित्रकलेची एक. "कव्हर घालून, नाव लिहून द्या हां काका, तुमचं अक्षर बरं आहे." नाव लिहून देण्याचे मी पैसे घेत नाही. घेतले असते तर एव्हाना घरावर एक खोली चढली असती.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा स्वार्थ आहे. मुलांनी हाताने लिहावं की स्क्रीनवर, हे वही विकणाऱ्याला विचारणं म्हणजे पाव खावा की भात, हे पाव भाजणाऱ्या पोदेराला विचारण्यासारखं. मात्र दुकानाचं निम्म्याहून जास्त उत्पन्न आता प्रिंटर आणि झेरॉक्सचं आहे, म्हणजे मुलांच्या मोबाईलमधून येणाऱ्या फायलींचं. तेव्हा माझे दोन्ही डगरींवर हात आहेत. वही खपली तरी माझं भलं, नाही खपली तरी मी उपाशी मरत नाही.

गेल्या सात-आठ वर्षांत एक नवीनच गिऱ्हाईक तयार झालंय. फर्मागुढीच्या पठारावरून कॉलेजची मुलं संध्याकाळच्या बसने खाली उतरतात आणि काउंटरवर कोपर टेकतात. "काका, धा पानां प्रिंट जाय." व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते. उघडून बघावी तर फळ्याचे फोटो. फळा तिरका, कोपऱ्यात खिडकीचा उजेड चमकलेला, मधोमध सरांचा खांदा. एका पानावर तर अर्धं समीकरण आणि पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी. मी एकदा एकाला विचारलं, "वर्गात लिहून का घेतलं नाहीस रे?" तो म्हणाला, "लिहीत बसलो तर ऐकायचं कधी?"

उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं. मी दिवसभर त्याच्यावर विचार करत राहिलो. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी तोच मुलगा तेच प्रिंट घेऊन परत आला आणि म्हणाला, "काका, हा आकडा तीन आहे की आठ, दिसतंय का तुम्हाला?" मी काय सांगणार? त्या वर्गात मी नव्हतो. तो होता.

आमची धाकटी बी.एड. करते. मागच्या पावसाळ्यात तिने प्रकल्पासाठी नेमका हाच विषय घेतला: हाताने लिहिणं, स्क्रीनवर लिहिणं आणि मुलांचं शिकणं. (आम्ही घरी बोलतो कोंकणीत, भांडतोही कोंकणीत, पण लिहायला बसलं की हाताला मराठीच येते. गोव्यातल्या पुष्कळ घरांचं असंच आहे. म्हणून तिचं बोलणं इथे मराठीत उतरवतोय.) रात्री दुकान बंद करायच्या वेळी पेनड्राइव्ह घेऊन आली. "पप्पा, पाठपोट नको, एका बाजूलाच काढा, मॅडमना तसंच लागतं." पावसाळ्यात आमच्याकडे कागद दमट होतो, मशीनमध्ये वळतो आणि अडकतो. त्यासाठी कागदाच्या कपाटात मी जुना पिवळा बल्ब लावून ठेवतो. त्या रात्री वीज दोनदा गेली, बल्ब थंड झाला आणि दर चौथ्या पानाला मशीन अडत होतं. पान अडकलं की काढायचं, आणि काढता काढता वाचायचं. असा तिचा प्रकल्प मी वाचला. एरवी वाचला नसता.

त्यात पहिल्यांदाच माझं फळ्याच्या फोटोवालं गिऱ्हाईक भेटलं. लिंडा हेंकेल नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ साली एक प्रयोग छापला होता. विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू त्यांच्या कमी लक्षात होत्या. जणू कॅमेऱ्याने घेतलंय ना, मग डोक्याने कशाला घ्यायचं! पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली आणि मला ती जास्त आवडली. वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपायला सांगितला तेव्हा ही घसरण झाली नाही. कारण झूम करायचं तर नेमकं काय टिपायचं हे ठरवावं लागतं.

मी लेकीला म्हटलं, "म्हणजे फोटोचा दोष नाही, न बघता काढलेल्या फोटोचा आहे."

"पप्पा, पुढचं पान काढा आधी," ती म्हणाली.

पुढच्या पानांवर मात्र तिने मला गप्प केलं. लॅपटॉपपेक्षा पेन बरं, हे सांगताना सगळे ज्याचा दाखला देतात तो प्रयोग म्हणजे म्युलर आणि ओपेनहायमर या दोघांचा, तोही २०१४ चाच. कॉलेजच्या मुलांना व्याख्यानांचे व्हिडिओ दाखवले. काहींनी लॅपटॉपवर टिपणं घेतली, काहींनी कागदावर. लॅपटॉपवाल्यांनी शब्द पुष्कळ जास्त लिहिले, वक्त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. कागदवाल्यांचा हात तेवढा वेगाने चालेना, म्हणून त्यांना निवडावं लागलं: हे घ्यायचं, हे सोडायचं, हे माझ्या शब्दांत आखडून लिहायचं. नुसती माहिती विचारली तेव्हा फारसा फरक नव्हता, पण समजून उत्तर द्यायचे प्रश्न आले तिथे लॅपटॉपवाले मागे पडले. गंमत म्हणजे दुसऱ्या खेपेला लॅपटॉपवाल्यांना आधीच बजावलं होतं की शब्दाला शब्द उतरवू नका. तरी त्यांनी उतरवलंच. बोटं वेगाने चालायला लागली की थांबवता येत नाहीत. माझ्या मशीनसारखंच. एकदा हिरवं बटण दाबलं की सांगितलेल्या कॉप्या होईपर्यंत ते थांबत नाही.

एवढं वाचून मी खूश. म्हटलं, हे पान लॅमिनेट करून काउंटरवर लावतो. तर पुढचंच पान अडकलं, आणि त्यावर लिहिलेलं की हाच प्रयोग इतरांनी पुन्हा करून पाहिला, २०१९ मध्ये एकांनी, २०२१ मध्ये दुसऱ्यांनी. लॅपटॉपवर जास्त शब्द आणि जास्त नक्कल, हे तेव्हाही दिसलं. पण परीक्षेत कागदवाले पुढे, हे काही ठामपणे दिसलं नाही. मी लेकीला विचारलं, "मग हे पान घातलंस कशाला? तुझ्याच विरुद्ध जातंय." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच टोनर तपासायला गेलो.

नॉर्वेतल्या त्रोन्हाइमच्या विद्यापीठातला २०२४ चा प्रयोगही होता, वर्तमानपत्रांत त्याचा बराच बोलबाला झाला होता म्हणे. ३६ विद्यार्थी, डोक्यावर २५६ सेन्सरची जाळी. स्क्रीनवर शब्द दिसला की एकदा तो पेनाने लिहायचा, एकदा कीबोर्डवर टाईप करायचा. लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला संवाद बराच जास्त दिसला. पण तिने खाली दोन गोष्टी पेन्सिलीने टिपलेल्या. एक, टाईप करताना मुलांना फक्त उजव्या हाताचं एक बोट वापरू दिलं होतं. (एका बोटाने तर मी टाईप करतो! माझ्या मेंदूचं काय झालं असेल ते दुकानात बसून रोज दिसतंच.) आणि दुसरी गोष्ट अशी की ते पेन म्हणजे डिजिटल पेन होतं, टचस्क्रीनवर चालणारं. म्हणजे कागद त्यात नव्हताच. शिवाय त्या प्रयोगात शब्द लक्षात किती राहिले, हे तपासलेलंच नव्हतं.

तर माझ्या वहीविक्रीला पूरक असा पुरावा हळूहळू पातळ होत चालला होता. कागद महत्त्वाचा आहे असं काही त्यातून निघेना. हात महत्त्वाचा आहे, एवढं मात्र निघत होतं.

आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ते चांगलंच निघत होतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी बाईंनी, वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन तऱ्हांनी दिली: हाताने स्वतः काढायची, ठिपक्यांवरून गिरवायची, किंवा कीबोर्डवर दाबायची. नंतर तीच अक्षरं दाखवून एमआरआय यंत्रात त्यांचा मेंदू पाहिला. मोठी माणसं वाचतात तेव्हा जे भाग जागे होतात, ते स्वतः काढलेल्या अक्षरांनी जागे झाले. टाईप केलेल्यांनी तसे नाही. गिरवलेल्यांनीही तसे नाही. २०१२ सालची गोष्ट. त्याचं एक कारण असं देतात की मूल स्वतः अक्षर काढतं तेव्हा ते दर वेळी वाकडं आणि वेगळं येतं. आणि इतके वाकडे 'अ' बघूनच 'अ' म्हणजे नेमकं काय, ते त्याला कळतं.

इथे मात्र मशीन बंद करून मी खुर्चीवर बसलो. कारण हे मला कोणीतरी आधी सांगितलं होतं.

आमचे आबा मास्तर होते. पोर्तुगीज गेल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्याच एकीत. सुरुवातीला शाळेला इमारत नव्हती, देवळाच्या अग्रशाळेत वर्ग भरायचा. आबांची शिकवायची पद्धत ठरलेली. आधी हवेत बोट फिरवायचं, सगळ्या वर्गाने मिळून. मग पाटीवर त्यांनी काढून दिलेला कित्ता गिरवायचा, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी ते कित्ता पुसून टाकत. "आता तुझा काढ." मी त्यांच्याच वर्गात होतो, त्यामुळे मार दुप्पट आणि कौतुक निम्मं. माझा 'ळ' कित्येक दिवस झोपलेल्या मांजरासारखा यायचा. आबा तो पुसत नसत. शेजारी दुसरा काढायला लावत, मग तिसरा. पाटी भरली की विचारत, "यातला कुठला ळ, तूच सांग." मी दाखवायचो. "मग बाकीचे काय आहेत?" मी म्हणायचो, "तेही ळच." मग ते हसत.

आबांनी एमआरआय कधी पाहिलं नाही. आयुष्यात एकदाच बांबोळीच्या इस्पितळात एक्स-रे काढला, तो पण पाठीचा.

हल्ली आया माझ्याकडे गिरवायच्या पुस्त्या मागतात, ठिपक्यांच्या, रंगीत. एकदा लिहून पुसता येणाऱ्या, 'जादूच्या' सुद्धा. मी विकतो. पण त्या रात्रीनंतर एक साधी, कोरी वहीही त्यांच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, दोन दिवस गिरवू दे, तिसऱ्या दिवशी यात काढू दे. काहींना वाटतं मी वही खपवतोय. खपवतोच की.

लेकीच्या प्रकल्पातले प्रयोग सगळे रोमन लिपीत शिकणाऱ्या मुलांबद्दलचे होते. आपल्या लिपीचं दुखणं थोडं वेगळं आहे आणि ते मी रोज काउंटरवर बघतो. माझ्याकडे मराठीत टायपिंगची कामं येतात: अर्ज, देवळाच्या जत्रेची पत्रकं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कार्यक्रम. नवी मुलं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाईप करतात. 'shikshan' असं ठोकलं की खाली 'शिक्षण' येतं, ते निवडायचं, झालं. शुद्ध, सुबक. पण मागे दहावीतल्या एका मुलाचा फोन चार्जिंगला लावलेला होता, म्हणून मी म्हटलं, अर्ज कागदावर लिहून दे, मी टाईप करतो. त्याने लिहिलं 'शिक्शण'. मग थांबला, खोडलं, 'शीक्षन' लिहिलं, पुन्हा थांबला. मुलगा हुशार होता, बोलायला चटपटीत. त्या क्षणी मला जाणवलं की 'क्ष' त्याने आजवर हजारदा वापरला होता, पण काढला फार थोड्या वेळा. त्याच्यासाठी 'क्ष' मोबाईलच्या पट्टीत राहतो, बोटांत नाही.

वेलांटी पहिली की दुसरी, 'न' की 'ण', रफार कुठल्या अक्षरावर, हे सगळं मोबाईल त्याच्या वतीने ठरवतो. बहुतेक वेळा बरोबरच ठरवतो, म्हणून तर कळत नाही. चुकतो तेव्हा आपलीच फजिती होते. एका गिर्यारोहण मंडळाचं पोस्टर मी स्वतः छापलं, 'चला डोंगर-दर्यांत'. मोबाईलवरून आलेला मजकूर मी तसाच चिकटवला होता. दरीचं अनेकवचन 'दऱ्या', त्यातला तो अर्धा 'र' वेगळा. दर्या म्हणजे समुद्र. तिघा-चौघांनी विचारलं, "काका, ट्रेकमध्ये पोहायचं पण आहे का?" गोव्यात असल्याने कोणाला फार विचित्र वाटलं नाही, एवढंच नशीब. चूक माझी. आबांनी शिकवलेलं होतं, हातांना माहीत होतं, पण त्या दिवशी हात वापरलेच नव्हते. फक्त कॉपी आणि पेस्ट.

आणखी एक कागद अधूनमधून येतो, त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. जमिनीच्या दाव्यांसाठी लोक घरातले जुने कागद झेरॉक्सला आणतात. काही मोडीत असतात. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला लोंबकळणारी अक्षरं बोरू फारसा न उचलता लिहीत जायची, अशी ती लिपी. आमच्या पणज्याला येत होती, आबांना वाचण्यापुरती, मला अजिबात नाही. मी तो पिवळा कागद काचेवर ठेवतो, झाकण लावतो, हिरवी पट्टी या टोकाकडून त्या टोकाला जाते आणि हुबेहूब प्रत बाहेर पडते. डाग, घडी, वाळवीचं भोक, सगळ्यासकट. मला वाचता येत नाही, आणणाऱ्याला येत नाही, मशीनला तर नाहीच. प्रत मात्र निर्दोष. असा कागद हातात आला की मी नेहमी क्षणभर थांबतो.

आता उलटी बाजू, नाहीतर माझ्यावर वहीविक्या म्हणून शिक्का बसेल.

हाताने लिहिलं म्हणजे डोक्यात गेलंच, या समजावर माझा तीन वर्षांपासून विश्वास राहिलेला नाही. मुलं एआयकडून उत्तरं आणतात म्हणून इकडच्या काही शिक्षकांनी नियम काढला: असाइनमेंट हस्तलिखितच पाहिजे. नियम चांगल्या हेतूने काढलेला. मला फायद्याचा, लाँगबुकं आणि कोरे कागद दणक्यात खपले. पण होतं काय, ते माझ्या दुकानातल्या बाकावर बसून बघा. मुलगी येते, एआयने लिहिलेलं उत्तर माझ्याकडून प्रिंट करून घेते, आणि तिथेच बाकावर बसून ते कागदावर उतरवते. एका कानात इअरफोन, मांडीवर मोबाईल, त्यात रील चालू. अक्षर मात्र मोत्यासारखं. एक मुलगा निघताना मला दाखवून गेला, "काका, बघा, सोळा पानं." मी शेवटचं पान सहज पाहिलं. निळ्या शाईत, नीट अधोरेखित करून लिहिलं होतं: 'हे उत्तर अधिक सोपे करून हवे असल्यास जरूर सांगा.'

मी त्याला दाखवलं. तो आधी हसला, मग लाल झाला, मग म्हणाला, "दुसरा कागद द्या." त्याच्या हाताने सोळा पानं लिहिली होती. माझ्या मशीनने सोळा पानं काढली असती तर यापेक्षा वेगळं काय झालं असतं? दोन रुपये पानाप्रमाणे बत्तीस रुपयांत झालं असतं आणि त्याची दुपार वाचली असती.

म्हणून नॉर्वे-अमेरिकेचं सगळं वाचून मला जे कळलं ते इतकंच: हात हळू चालतो म्हणून डोक्याला निवडायची संधी मिळते. संधी मिळते, सक्ती होत नाही. समोर तयार मजकूर ठेवला की हातसुद्धा झेरॉक्स होतो. उलट टाईप करतानाही कोणी थांबून, स्वतःच्या शब्दांत चारच ओळी लिहिल्या तर तो माझ्या सोळा पानवाल्यापेक्षा पुढे आहे. आता लॅपटॉप उघडला की त्यात इतर शंभर दारं उघडी असतात, हे खरं. कॅनडातल्या २०१३ च्या एका प्रयोगात वर्गात लॅपटॉपवर भलतंच काही करणाऱ्यांचे गुण घसरले, आणि ज्यांना त्यांचा स्क्रीन दिसत होता त्या शेजाऱ्यांचेही. शेजाऱ्यांचं वाचून मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी काय केलं होतं?

आणि एक मुलगा आहे. त्याचं नावगाव सांगत नाही. त्याची बोटं पेन धरत नाहीत, जन्मापासूनच हात थरथरतो. प्राथमिकमध्ये असताना त्याची आई माझ्याकडे जाड पेन्सिली शोधत यायची, पेन्सिलीवर चढवायचे रबरी मुठे शोधत यायची. एक पान लिहायला त्याला तास लागायचा आणि त्या तासात अक्षराशी झटण्यापलीकडे डोक्यात दुसरं काही येऊ शकत नसे. परीक्षेला लेखनिक मिळाला, पण लेखनिक रोज घरी थोडाच येतो? मग त्याला टॅब्लेट आणि कीबोर्ड मिळाला. आता तो मला निबंध प्रिंटला पाठवतो. खाजनावरचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांवरचा निबंध मागे आला होता: मडकईच्या बाजूला आजोळ, भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची दारं आपोआप कशी मिटतात आणि ओहोटीला कशी उघडतात, ते त्याने असं लिहिलं होतं की दुकानात पाण्याचा वास आला. अशा मुलाला "हाताने लिही, मेंदूला बरं" म्हणून कोणी सांगायला आलं तर मी त्याला छत्रीसकट बाहेर काढीन.

टाळेबंदीबद्दल लिहिणार नव्हतो, सगळ्यांनी लिहून झालंय. एवढंच सांगतो की २०२० च्या मार्चनंतर दोन वर्षं वह्यांचे गठ्ठे माझ्या माळ्यावर बुरशी धरत पडले, आणि शाळा उघडल्यावर पाचवी-सहावीतल्या मुलांच्या आया दबक्या आवाजात चौरेघी वही मागायला लागल्या. "लहान बहिणीसाठी," म्हणायच्या. मी विचारायचो नाही.

माझा स्वतःचाही एक प्रयोग झाला. त्यात मी एकटाच विद्यार्थी. दुकानाची उधारी मी कायम वहीत लिहीत आलो. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. दोन वर्षांपूर्वी मोठ्या मुलाने ती सगळी मोबाईलमधल्या एका अ‍ॅपवर चढवली. बेरीज आपोआप, तारीख आपोआप, गिऱ्हाइकाला आठवणीचा मेसेजही आपोआप. उत्तम सोय होती, खोटं कशाला बोलू? पण महिन्याभरात लक्षात आलं की गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी त्याच्याकडे काही येणं आहे, हे मला आठवतच नाही. आधी माणूस दिसला की पान दिसायचं. डावीकडचं, खालून तिसरी ओळ, एकशे चाळीस, जर्नल आणि ग्राफपेपर. आता माणूस दिसला की नुसता माणूस दिसायचा. वर त्या अ‍ॅपने चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन चाललेल्या एका सज्जन गिऱ्हाइकाला अठ्ठावीस रुपयांसाठी मेसेज धाडला. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आता मी दोन्ही ठेवतो. आधी वहीत लिहितो, रात्री मुलगा ते मोबाईलमध्ये चढवतो. तो म्हणतो हे दुप्पट काम आहे. आहेच.

लेकीचा प्रकल्प झाला. तिला किती गुण मिळाले ते सांगायला तिने मना केलंय, म्हणजे बरे मिळाले असावेत. ती स्वतः टिपणं टॅब्लेटवर घेते, काचेवर चालणाऱ्या पेनाने, आणि बाणबिण, चौकोन, समासातल्या शिव्या, सगळं त्यात असतं. वही ती माझ्याकडून घेत नाही. फुकट मिळते तरी.

मागच्या मंगळवारी दुपारी दोघी मुली आल्या, अकरावी-बारावीच्या असाव्यात. एकीच्या हातात वही, दुसरी चार दिवस तापाने झोपलेली. "काका, हीं सात पानां." मी वही काचेवर ठेवायला उघडली. अक्षर काही देखणं नव्हतं, पण पानावर चिकार गोंधळ होता: बाण, गोल, एका कोपऱ्यात पेशीचं चित्र आणि त्याखाली बारीक अक्षरात 'हे बाईंनी दोनदा सांगितलं'. पहिलं पान निघालं. तापवालीने ते हातात घेतलं आणि विचारलं, "हे इथे प्रश्नचिन्ह का?" वहीवाली म्हणाली, "ते मला पण नव्हतं कळलं, मग मी विचारलं. थांब." आणि तिने काउंटरवरचं माझं पेन उचललं, माझ्याच बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूला पेशी काढायला लागली. तापवालीने दुसरं पेन घेतलं. "मग हे आत कसं जातं?" "असं नाही, इकडून." मी बाकीची पानं लावायला हात पुढे केला तर वही त्यांच्यामधेच होती. एक गिऱ्हाईक आलं, दोन पासपोर्ट फोटो घेऊन गेलं. दुसरं आलं. मुली खाली वाकून लिहितच होत्या. मग सावर्ड्याची बस लागल्याची हाक ऐकू आली, दोघींनी दप्तरं उचलली, बिलबुकाचे तीन कागद फाडून घेतले आणि पळाल्या. माझं एक पेनही गेलं.

सहा पानं राहिलीच काढायची. निघालेलं ते एकलं पान अजून काउंटरवर आहे, वजन म्हणून त्यावर स्टेपलर ठेवलाय.